आते लोर्नाचं धुणं

नॉटिंगहॅममध्ये ऊन पडलं की लोक बागेत खुर्च्या टाकतात. आते लोर्ना चादरी टाकायच्या. वाळत नव्हे, साबणाच्या फेसासकट, ओल्याच, थेट हिरवळीवर. पांढऱ्या कपड्याचा मळ साबणाने सुटतो पण पांढरेपणा उन्हानेच येतो, असं त्यांचं म्हणणं. ऊन सरकलं की चादरीही सरकायच्या. शेजारचे आजोबा एकदा कुंपणावरून काळजीने म्हणाले, "तुमचे कपडे खाली पडलेत."

"पडले नाहीत," आते म्हणाल्या. "ऊन खाताहेत."

पुण्याहून नोकरीसाठी आले तेव्हा मी त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. त्या फिलिपिन्सच्या, इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स. 'आते' म्हणजे त्यांच्या भाषेत ताई. मला मात्र आत्याच ऐकू यायची, आणि दराराही आत्याचाच होता.

घरात वॉशिंग मशीन होतं. त्याच्यावर त्या तांदळाचा डबा ठेवायच्या. "मशीनला कॉलर कुठली ते कळतं का?" हा त्यांचा ठरलेला सवाल. कपडे टबात, स्टुलावर बसून, दोन्ही मुठींत धरून चोळायचे. चोळताना चिक-चिक असा आवाज आला पाहिजे, नाहीतर ते धुणं नव्हे. माझी जीन्स एकदा त्यांनी कान देऊन ऐकली आणि "ही मुकी आहे" म्हणून परत टबात टाकली.

दुसरा कायदा इस्त्रीचा. इस्त्री केल्यावर पाण्याला हात लावायचा नाही. लावला तर म्हणे पुढे हात थरथरायला लागतात. रविवारी त्या आठवड्याचे युनिफॉर्म इस्त्री करायच्या, त्यामुळे रविवारची भांडी कायम माझ्याकडे.

"आते, तुम्ही नर्स आहात," मी एकदा म्हणाले. "असं काही नसतं, तुम्हाला माहितीये."

"हॉस्पिटलमध्ये माहितीये. घरात माझी आई सांगेल ते."

त्यांची मुलगी जॉय. ती सहा वर्षांची असताना आते इकडे आल्या आणि तिला आजीने वाढवलं. दोन-तीन वर्षांतून एकदा महिनाभर भेट, बाकी सगळं फोनवर. गणितं, प्रार्थना, मासे कसे साफ करायचे, सगळं त्यांनी फोनवर शिकवलं. "धुणं तेवढं राहिलं," त्या म्हणायच्या. "ते फोनवर शिकवता येत नाही. हात हातात घ्यावा लागतो. आणि मी तिकडे गेले की माझी आई आम्हाला टबाला हात लावू द्यायची नाही."

गेल्या वर्षी जॉयही नर्स झाली आणि तिला बर्मिंगहॅममध्ये नोकरी लागली. रुजू होण्याआधी ती आठवडाभर आईकडे आली. आते इतक्या खुशीत होत्या की त्या आठवड्यात माझ्या जीन्सकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझ्यासमोर दोघी इंग्रजीतच बोलायच्या, मला परकं वाटू नये म्हणून.

शनिवारी आते आणि मी बाजारातून परतलो. मागच्या दाराशी जॉय स्टुलावर बसली होती, टबात हात घालून. आईचे युनिफॉर्म, स्वतःचे कपडे, सगळं तिने भिजवलं होतं. मुठी झपाझप चालल्या होत्या, पाणी कुठे सांडत नव्हतं. आतेंपेक्षाही सफाईदार हात.

आते दारातच थांबल्या. "हे कुणी शिकवलं?"

"आजीने. सात वर्षांची होते तेव्हा."

"छान शिकवलंय."

त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. हात कोरडेच होते, तरी ते स्कर्टला पुसत राहिल्या. मग विचारलं, "माझ्यासाठी काही उरलंय?"

जॉयने वर पाहिलं. काहीतरी विनोद करणार होती बहुतेक, पण केला नाही. टब जरा बाजूला सरकवला, त्यातून आपला एक मोजा शोधून काढला आणि आईच्या हातात दिला.

आते पायरीवर तिला चिकटून बसल्या. जॉयने बाकीचे सगळे कपडे खळबळले, पिळले, दोरीवर घातले. आतेंचा तो मोजा अजून धुऊन झाला नव्हता.