दहा पॉइंट शून्य

सासऱ्यांच्या बिछायत केंद्रातला कॉम्प्युटर सुधारायला अख्ख्या नागपुरात माझ्याएवढा लायक माणूस नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

सासरे म्हणजे वामनराव, आमचे मामाजी. लकडगंजात त्यांचं मांडव-गाद्या भाड्यानं द्यायचं दुकान. मांडवाच्या गठ्ठ्यांवर नुसते नंबर. कोणता गठ्ठा कोणाकडे जायचा ते फक्त कॉम्प्युटरला ठाऊक. ही शिस्त माझी! आतला डेटाबेस फुकटातला, जगभरच्या पोरांनी मिळून बनवलेला. आमच्याकडे त्याचं व्हर्जन ९.६ होतं आणि १०.० नुकतंच निघालं होतं. त्या संध्याकाळी कामठीला माझ्या साळीचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचं, श्वेताचं, साक्षगंध; तुमच्याकडचा साखरपुडा. म्हटलं, सकाळी नवीन टाकू अन् संध्याकाळी व्याह्यांसमोर मिरवू.

"जवाईबापू, शून्यावर काही सुरू नोका करू," मामाजी म्हणाले. "आहेर तरी आपण शंभराचा देतो का? वरचा एक येऊ द्या."

मी हसलो. इंजिनिअर माणूस कुठे शकुन पाहतो!

१०.० नं पहिल्याच फटक्यात कळवलं, की तुमच्या जुन्या विंडोजवर मी चालत नाही. मग मी नोंदींची कॉपी काढून विंडोजच पुसलं आणि लिनक्स टाकलं. डेटाबेस चालू झाला. बुकिंगचा प्रोग्रॅम उघडला तर तो म्हणतो, तुमचं व्हर्जन फार जुनं आहे, कृपया नवीन टाका. अरे, आत्ताच तर टाकलं! नंतर कळलं, तो बेटा व्हर्जनचा पहिलाच आकडा वाचायचा. नवाच्या जागी एक दिसला, अन् त्यानं आम्हाला थेट अश्मयुगात नेऊन बसवलं. मागे फिरावं, तर जुनं ९.६ नव्या लिनक्सवर चढेना.

बाहेर दोन टेम्पो हॉर्न वाजवत उभे. एक कामठीचा, दुसरा खाप्याला एका म्हाताऱ्याच्या तेरवीचा. मी अंदाजानं गठ्ठे चढवले.

संध्याकाळी कामठीत पोचलो तर मांडव पांढराफटक. नवरदेवाच्या आजोबांनी दारातच चपला काढून हळूच विचारलं, "कोण गेलं गा?" तेवढ्यात खाप्याहून फोन. तेरवीत गुलाबी झालरी लागल्या होत्या आणि 'श्वेता वेड्स रोशन'चे लाइट झगमगत होते. "आमचा बुढा हौशी होता," फोनवरचा माणूस म्हणाला, "पण इतका नाही."

व्याही अपशकुन म्हणून उठायला लागले. श्वेताच्या डोळ्यांत पाणी. माझी बायको माया माझ्याकडे अशी पाहत होती, की मला खाप्याचा मांडव जवळचा वाटला. खरंच, माझ्या हौसेपायी पोरीचं लग्न मोडत होतं.

नवरदेव रोशनही कॉम्प्युटरवालाच. त्यानं मला बाजूला घेऊन काय झालं ते ऐकलं आणि पोट धरून हसला.

"भाऊ, पॉइंट झिरो कोणी चालत्या दुकानात टाकते का? पॉइंट एक येऊ द्या लागते."

मामाजींचा चेहरा उजळला. रोशन सरळ पाटावर जाऊन बसला. म्हणाला, पांढऱ्यात फोटो चांगले येतात, आणा अंगठी. व्याहीही मग बसले.

आता मामाजी आल्यागेल्याला जावयांची ओळख करून देतात. "हे धाकटे, दहा पॉइंट एक. अन् हे मोठे, पॉइंट झिरो. ह्यांच्यात चुका कळल्या, म्हणून दुसरे बरे पाहून घेतले."

मायानं माझा सपोर्ट अजून बंद केलेला नाही. पण परवा विचारत होती, जुन्या व्हर्जनचा सपोर्ट बंद करायची तारीख काही ठरलेली असते का म्हणून.