शनीच्या चंद्राला तेल

"यंदा पहिला नंबर आपलाच!" असं मी मुख्याध्यापकांना मिशीला पीळ देऊन सांगितलं होतं. नऊ वर्षं विज्ञान प्रदर्शनातली माझी मॉडेलं आमच्या आसेगावच्या पुढे गेली नव्हती. यंदा जिल्ह्याचं वाशीम गाठायचंच!

माझं मॉडेल होतं एन्सेलाडस, म्हणजे शनीचा चंद्र. वरून बर्फ, आत समुद्र! मोठ्या फुग्यात पाणी भरून तो युनूसभाईंच्या कुल्फीच्या फ्रीजरमध्ये ठेवला, नंतर वरचा फुगा सोलला. बाहेरून टणक, आत पाणी डुचमळतंय! परीक्षकांसमोर ड्रिल मशीनने भोक पाडायचं, धार उडवायची की काम फत्ते!

घोळ एवढाच झाला, की प्रदर्शन शनिवारी होतं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या नानीबाईंनी विचारलं, "गुरुजी, हे काय होय?"

"शनीचा चंद्र."

मी मशीन आणायला गेलो. परत येतो तर चंद्रावर तेल, रुईच्या पानांचा हार, काळे उडीद आणि समोर गावातल्या बायकांची रांग!

"अहो नानीबाई, हे विज्ञान आहे!"

"असन ना! पन शनिमहाराजाच्या घरचा पाव्हना शनिवारी बिनतेलाचा ठेवता काय?"

तेवढ्यात परीक्षक आले. मी मशीन लावलं, तशी अख्खी रांग अंगावर आली.

"देवाले भोक पाडून राह्यले! गावाले साडेसाती लावता काय?"

मशीन हिसकावलं गेलं. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "आत पाणी आहे याला पुरावा काय?"

मला रडूच यायचं बाकी होतं. इकडे चंद्र वितळून कलिंगडाचं संत्रं व्हायला लागलं होतं. शेवटी नानीबाईंनाच माझी दया आली.

"थांबा सायब, हेमसिंगले बलावते!"

हेमसिंग म्हणजे बोअरची जागा दाखवणारा आमचा पानाड्या. त्याने तळहातावर नारळ आडवा ठेवला, डोळे मिटले आणि चंद्राभोवती फिरला. नारळ टुणकन उभा!

"पानी हाये सायब! दोन बोटांवर! गोडं हाये!"

"खारं!" मी ओरडलो. "तिथला समुद्र खारा आहे!"

"काहून गुरुजी, तुमी चाखून आले काय?"

परीक्षक पोट धरून हसले आणि तिथल्या तिथे निकाल दिला. पहिला नंबर! मी तर नानीबाईंच्या पायाच पडणार होतो.

मग प्रमाणपत्र वाचलं. विभाग: अंधश्रद्धा निर्मूलन, पथनाट्य. उत्कृष्ट अभिनय: नानीबाई आणि हेमसिंग. त्याखाली बारीक अक्षरात माझं नाव, भोळ्या मास्तरच्या भूमिकेसाठी!

पुढच्या आठवड्यात वाशीमला प्रयोग आहे. मला संवाद नाहीत. नानीबाई म्हणाल्या, "गुरुजी, तुमी निस्ते तसेच रडकुंडीले येऊन उभे राहा. बाकी आमी पाहून घेतो!"