हडकरांचा राजीनामा

"मीच कित्याक?" फोन ठेवल्या ठेवल्या दत्ताराम हडकरांनी बायकोला विचारलं.

फोन वॉर्ड ऑफिसचा होता. विक्रोळी स्टेशनाबाहेरची जुनी मंडई, तिला चिकटलेली दुकानं आणि रिक्षा स्टँड हे सगळं पाडून नव्याने बांधायचं ठरलं होतं. त्याबद्दल सल्ला द्यायला नागरिकांची एक समिती नेमली होती आणि तीत हडकरांचं नाव होतं.

"एवढ्या मोठ्या गावात त्यांका मीच गावलंय?"

"मानान बोलावतत तर जावा," मालन भात उतरवत म्हणाली. "घरात माझ्या फोडणीर लक्ष ठेवण्यापेक्षा बरा."

हडकरांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर म्हणून गेली होती. उशिरा येणारा प्रत्येक माणूस खोटंच बोलतो, हे गृहीत धरण्याचा त्यांना पगार मिळत असे. एका फिटरची एकच आजी तीनदा वारलेली त्यांनी पकडली होती. निवृत्त झाल्यावर गेट मागे राहिलं, संशय मात्र त्यांच्याबरोबर घरी आला. दूधवाला हसून बोलला की ते दुधात बोट बुडवून बघत. रिक्षावाल्याने न विचारता सुट्टे दिले, तर उतरल्यावर रिक्षाचा नंबर पाठ करत.

पहिली मीटिंग एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. नवीन मंडईचा आराखडा बनवणाऱ्या कंपनीतर्फे रुचिरा नावाची एक तरुण मुलगी आली होती. तिने पडद्यावर चित्रं दाखवली. चित्रात विक्रोळी स्टेशनाबाहेर दाट झाडी होती, रस्त्यावर एकही रिक्षा नव्हती, आणि गोरीगोमटी माणसं हातात कॉफी घेऊन कुत्र्यांना फिरवत होती. घाम कोणालाच आलेला नव्हता.

"मासळी बाजार कुठाय यात?" हडकरांनी विचारलं.

"काका, तो फ्रेश झोनमध्ये आहे."

"म्हणजे कुठे?"

"सेकंड फ्लोअर."

हडकर उभेच राहिले. "अहो, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दुसऱ्या माळ्यावर कोण चढणार? आणि चढली तरी गिऱ्हाईक चढेल का? माणूस स्टेशनातून बाहेर पडतो, डोळ्याला मासळी दिसते, म्हणून घेतो. जिना चढून बोंबील आणायला तो काय देवदर्शनाला निघालाय?"

"सूचना चांगली आहे," वॉर्ड ऑफिसचे साहेब घड्याळ बघत म्हणाले. "नोंद घेतलेली आहे."

नोंद कोणीच घेतली नव्हती. हडकर बघतच होते, साहेबांच्या पेनाचं टोपणसुद्धा निघालं नव्हतं. समितीतले बाकीचे लोक समोसे खात होते. हडकरांनी कंपनीच्या समोशाला हात लावला नाही, पाणीसुद्धा घरून नेलेल्या बाटलीतलं प्यायले.

मीटिंग संपल्यावर त्यांनी पाहिलं, समितीतले भाऊराव सरकटे कोपऱ्यात उभे राहून त्या रुचिराशी हळू आवाजात बोलतायत. सरकटे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, सरळ भांगाचे, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. बोलता बोलता त्यांनी दोनदा हडकरांकडे वळून पाहिलं. रुचिराने त्यांना आपलं कार्ड दिलं. सरकट्यांनी ते खिशात घातलं आणि वरून खिसा दाबून पाहिला.

"सरकटे विकलो गेलो," हडकरांनी घरी येऊन जाहीर केलं.

"समोशार?" मालनने विचारलं.

चारेक दिवसांनी हडकर नाक्यावर उभे असताना सरकटे मरोळकडे जाणाऱ्या बसमध्ये चढताना दिसले. कंपनीचं ऑफिस मरोळला होतं. हडकर मागच्या दाराने त्याच बसमध्ये चढले आणि तोंडापुढे पेपर धरून बसले. सरकटे उतरले तसे तेही उतरले. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका काचेच्या इमारतीत सरकटे शिरले. हडकर समोर उभ्या असलेल्या एका टेम्पोच्या आडोशाला थांबले, पेपर उघडला आणि दारावर नजर ठेवली.

जागा उत्तम होती. फक्त ती टेम्पोची होती, आणि टेम्पो निघून गेला. भर रस्त्यात, भर दुपारी, उघडा पेपर तोंडापुढे धरून हडकर एकटेच उभे राहिले. नेमके त्याच वेळी सरकटे आणि रुचिरा दारातून बाहेर पडले. हडकर घाईने मागे सरले. मागे गटार होतं.

"अगं बाई! हडकर काका! तुम्ही पण आलात?" रुचिरा धावली.

"मी सहज... इकडून चाललो होतो," गटारातून हडकर म्हणाले.

सरकट्यांनी हडकरांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर हडकरांच्या ओळखीची होती. गेटवर ते स्वतः तसंच बघत असत.

पाय चांगलाच मुरगळला होता. पोर मनाने चांगली. तिने जवळच्या डॉक्टरकडून पट्टी बांधून घेतली, टेकायला कंपनीची लांब दांड्याची छत्री दिली, आणि नको नको म्हणत असताना दोघांनाही कंपनीच्या गाडीत घातलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना कंपनीचं नाव होतं, एकेक अक्षर कलिंगडाएवढं. संध्याकाळच्या ऐन गर्दीत ती गाडी मंडईसमोर थांबली. रुचिराने दार उघडून हडकरांना हात दिला आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सांभाळून काका. काही लागलं तर सरळ मला फोन करायचा हां!"

मंडईत क्षणभर वांग्याचा भावसुद्धा कोणी विचारला नाही.

जेवायच्या आधीच 'जागरूक विक्रोळीकर' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. कंपनीची गाडी, कंपनीची छत्री, कंपनीच्या मुलीचा हात आणि मध्ये हडकर. खाली लिहिलं होतं, 'सल्लागार समिती की सलगी समिती?' हडकरांनी ताबडतोब खुलासा टाकला, 'मी तिकडे फक्त सरकटे यांच्या पाळतीवर गेलो होतो. कंपनीकडून पट्टी, छत्री व अर्धा कप चहा याखेरीज काहीही घेतलेले नाही.' त्यावर लगेच प्रश्न आला, 'उरलेला अर्धा कप कोणी घेतला?' आणि पुढे हसून लोळणारे चेहरे.

दुसऱ्या दिवशी हडकर लंगडत मंडईत गेले ते शिव्या खायच्या तयारीने. पण घडलं भलतंच. नारळवाला उठून उभा राहिला. भाजीवाल्याने न सांगता पिशवीत कोथिंबीर टाकली, वर म्हणाला, "साहेब, नवीन गाळे वाटताना आमच्याकडे जरा बघा." आणि सोनूबाईने दोन जाडजूड पापलेटं पुढे केली.

ही सोनूबाई कोळीण आणि हडकर यांचं कित्येक वर्षांचं भांडण होतं. तिने भाव सांगायचा, हडकरांनी कपाळावर हात मारायचा, मग तिने त्यांच्या सात पिढ्यांच्या कंजूषपणाचा उद्धार करायचा आणि शेवटी मासळी द्यायची. कधी एक करंदी तिने वर टाकली नव्हती.

"कितीला?" हडकरांनी विचारलं.

"तुमच्याकडनं काय पैशे घ्यायचे, साहेब!"

साहेब! आजवर ती त्यांना 'ए हडकर' म्हणत आली होती.

"सोनूबाई, तुला काय वाटतं, मी खाल्लेत पैसे?"

"मी कुटं काय बोलते? चांगलं केलंत." तिने इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "फकस्त एवढं बघा, माजे गुडगे गेलेत. दुसऱ्या माळ्यावर मना चढवायचं नाय. मंग माजी मासळी कोन घेल? घरी बसून मी करू काय?"

हडकरांनी पापलेटं परत टोपलीत ठेवली. सोनूबाईला वाटलं, कमी पडलं. तिने अख्खी सुरमई काढली. हडकरांनी तीही ठेवली आणि रागाने सगळ्या मंडईला ऐकू जाईल असं ओरडले, "मी कोणाकडून काहीही घेणार नाही!"

"बघा," मागे कोणीतरी म्हणालं, "आता हा मासळीवर थांबत नाही. मोठा हात मारणार."

"ती पापलेटां परत कित्याक दिल्यात?" घरी मालन कडाडली. "नाव तर गेलाच हां. निदान कालवण तरी झाला असता!"

संतापलेले हडकर छत्री टेकत थेट सरकट्यांच्या घरी गेले.

"तुमच्यामुळे माझी वाट लागली! तुम्ही त्या कंपनीत गेलाच कशाला?"

"तुमची चौकशी करायला," सरकटे शांतपणे म्हणाले.

"माझी?"

"पहिल्याच मीटिंगला नुसतं मासळी बाजार, मासळी बाजार! म्हटलं हा माणूस कोणीतरी पेरलेला आहे. याचं नाव समितीत घातलं कोणी, हे त्या मुलीला विचारायला गेलो होतो."

"मग? कोणी घातलं?"

सरकटे जरा ओशाळले. "वॉर्ड ऑफिसात सगळ्यात जास्त तक्रारी करणाऱ्यांची नावं काढली म्हणे. पहिला तुमचा नंबर. दुसरा माझा."

सरकट्यांची बायको संघमित्रा चहा घेऊन आली तेव्हा दोघेही खाली मान घालून बसले होते. चहा संपेपर्यंत एवढं कळलं की मंडईतून सरकट्यांनाही फुकट पेरू येतायत आणि त्यांच्या सुनेने ग्रुप सोडलाय. सरकट्यांना मासळीचा वास सोसत नसे, म्हणून दुसरा मजला त्यांना पसंत होता. पण सोनूबाईच्या गुडघ्यांचं ऐकून तेही तळमजल्याला तयार झाले.

"राजीनामा देऊ," सरकटे म्हणाले. "आराखड्याची जाहीर सुनावणी आहे ना, तिथे सगळ्यांच्या देखत."

"देऊया. पण आधी मी बोलतो."

सुनावणीला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सलगी समिती काय करते हे बघायला अर्धी मंडई दुकानं टाकून आली होती. पुढच्या रांगेत कोळणी, मध्ये सोनूबाई. स्टेजवर वॉर्ड ऑफिसचे साहेब आणि या वेळी कंपनीचे डायरेक्टर स्वतः. गाडीचा फोटो साहेबांनी पाहिलेला होता, त्यामुळे हडकर कंपनीचे, अशी त्यांची खात्री होती. एवढी गर्दी बघून डायरेक्टरांची खात्री झाली की हा माणूस साहेबांचा, नाहीतर वरच्या कोणाचा तरी. हडकर उभे राहिले तसे दोघेही किंचित उठल्यासारखे झाले.

"मला दोनच गोष्टी सांगायच्यात," हडकर म्हणाले. "एक, मासळी बाजार तळमजल्यावर पाहिजे."

साहेबांनी डायरेक्टरांकडे पाहिलं. डायरेक्टरांनी साहेबांकडे पाहिलं. याने हे बोलायचं असं शेजारच्याने याच्याशी आधीच ठरवलेलं दिसतंय, हे दोघांनीही एकाच वेळी ओळखलं.

"करता येईल," डायरेक्टर म्हणाले.

"करायलाच हवं," साहेब म्हणाले. या वेळी पेनाचं टोपण निघालं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. हडकर भांबावले. "ऐका, दुसरी गोष्ट. मी या समितीचा राजीनामा देतोय."

साहेबांचा चेहरा उतरला. "अहो हडकरसाहेब, असं तडकाफडकी? तळमजल्यावर नुसती जागा देऊन भागणार नाही, हे आम्हालाही कळतं. पाण्याचे नळ देऊ ना!"

"नळाचा प्रश्न नाही. मला राजीनामाच द्यायचाय."

"बर्फाला वेगळी खोली," डायरेक्टर घाईने म्हणाले. "रस्त्याकडच्या बाजूला."

"तुम्ही समजून घेत नाही. मी बाहेर पडतोय!" हडकरांनी छत्री आपटली.

"बांधकाम चालू असताना सगळ्यांना बाजूच्या मैदानात बसायला तात्पुरती जागा," साहेब म्हणाले. "मी आत्ता लिहून देतो."

हडकर हताश होऊन खाली बसायला लागले, तेवढ्यात सरकट्यांनी मागून त्यांचा शर्ट ओढला. "अजून एकदा द्या."

"काय?"

"राजीनामा. बायकांच्या संडासाचं राहिलंय."

हडकरांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. सोनूबाई पदर तोंडाला लावून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी घसा खाकरला, ताठ उभे राहिले आणि आयुष्यात प्रथमच, जाणूनबुजून, खोट्या रागाने गरजले, "माझा निर्णय ठाम आहे! मी राजीनामा देतोच!"

संडास मिळाले. सरकट्यांनीही एक राजीनामा देऊन पाहिला, त्यात रिक्षा स्टँडवर छप्पर आलं. राजीनामे मात्र दोन्ही नामंजूर झाले.

दुसऱ्या दिवशी सोनूबाईने हडकरांना पापलेटांचा असा भाव सांगितला की त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"लुटतेस काय?"

"ए हडकर, परवडत नसंल तर घरी जाऊन डाळभात खा!"

हडकरांनी पूर्ण पैसे मोजले आणि शीळ घालत घरी आले.

रविवारी सकाळी बेल वाजली. हडकरांनी दाराच्या भोकातून आधी नीट पाहून घेतलं. बाहेर चार अनोळखी माणसं, एकाच्या हातात शाल, एकाच्या हातात श्रीफळ.

"आम्ही भांडुपहून आलो," दार उघडल्यावर शालवाला म्हणाला. "आमच्याकडे पण मंडई पाडतायत. सहा महिने अर्ज करतोय, कोणी ऐकत नाही. म्हटलं, तुम्ही एकदा येऊन राजीनामा द्याल का?"

"अहो, मी तुमच्या समितीवर नाहीच! राजीनामा कशाचा देऊ?"

"तो प्रश्न नाही, साहेब. आधी तुम्हाला समितीवर घालून घेतो."

हडकरांनी डोळे बारीक केले. "खरं सांगा, तुम्हाला पाठवलं कोणी?"

"सरकटेसाहेबांनी. ते खाली रिक्षात बसलेत."

हडकर आत वळून म्हणाले, "मालन, माझो पांढरो शर्ट खंय आसा गो?"