वाघचौरे यांचे भोंगे आणि रिकाम्या वाटीचा कल्लोळ

॥ श्री ॥ वरल्या मजल्याचे देव, खालल्या मजल्याचे देव आणि जिन्यातील कोनाड्याचा गणपती, समस्तांस दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका चार मजली राज्यात जो अनर्थ जाहला तो डोळां देखिला तैसा लिहितो. खोटे लिहीन तर जीभ झडो.

त्या राज्यी दुसरे मजल्यावर हैबतराव सरनोबत नांदत होते. पूर्वी एसटीचे स्टँडावर कंट्रोलर, आणि आवाज ऐसा की स्टँडावरील भोंगा बंद पडला तरी यांचे नुसते आरोळीने उतारू पिशव्या सांभाळीत धावत सुटत. ऐसा पुरुष, त्यांस श्रावणात अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. मग डॉक्टरांनी त्यांची स्त्री द्वारकाबाई यांस एकीकडे नेऊन सांगितले की, "हे पहिले काही महिनेच काय ते कामाचे. रोज शांतपणे समोर बसा, एकेक शब्द बोलवून घ्या. आत्ता वाचा आली तर आली, पुढे मी काही सांगू शकत नाही." मग बाईसाहेब रोज तिन्हीसांजेस दिवा लावोन पतीसन्मुख बसत आणि "पाणी म्हणा, अहो, पा-णी" ऐसे आर्जवीत, आणि रावसाहेब ओठ जुळवीत, कपाळी घाम फुटे, आणि मोठे कष्टाने "पा" इतकेच उमटे. तेवढ्यानेही बाईसाहेबांचे डोळे भरून येत.

तो काय घडले! वरल्या मजल्याचे धनी दूर आखाती मुलखी चाकरीस होते, त्यांनी घर भुजंगराव वाघचौरे यांस भाडियाने दिधले, आणि भुजंगराव कपाटाएवढे दोन भोंगे घेऊन दाखल जाहले. हर हर! तिन्हीसांज जाहली की भोंगे गर्जत, आणि त्या तालावर खासा भुजंगराव लोखंडी वजने उचलीत आणि दाणकन जमिनीवर टाकीत, आणि खाली सरनोबतांचे मांडणीवरील ताटे उड्या घेत, आणि हैबतरावांचा "पा" ओठातच विरून जाई. जिन्यात जोडे पसरलेले, केराची पिशवी दुसऱ्याचे दारी. पहारेकऱ्याने भीत भीत विचारिले तो उत्तर आले, "भाडं भरतो ना? मग माझ्या घरात मी नाचेन नाहीतर हत्ती बांधेन, तुला काय करायचंय?" ऐसे बोलणे त्या राज्यी कोणी ऐकिले नव्हते. पहारेकरी दिवसभर जेवला नाही.

आता वाचणार म्हणेल, द्वारकाबाईंनी वर जाऊन चार शब्द का सुनावले नाहीत? तर त्या राज्याचा कायदा ऐकावा. शेजारची वाटी भरून आली तर रिकामी परत करू नये, आणि ज्याची वाटी आपले घरी त्याशी तंटा करू नये. इकडे भुजंगरावांची स्त्री शेवंताबाई सुगरण आणि मनाची भारी मोकळी. आज भोंगे गर्जले की उद्या पातवड्यांची वाटी खाली दारात हजर. मग द्वारकाबाई दात ओठ खात त्या वाटीत लाडू घालीत आणि मनात भांडण घोकीत वर जात, आणि दारात वाटी देऊन "हे बघा" म्हणेतो शेवंताबाई दुसरी वाटी हाती ठेवीत, "काकी, अशा कशा जाता, झुणका केलाय, गरम आहे." जाहले! वाटी हाती आली, तोंड बंद. बाईसाहेब झुणका घेऊन खाली येत आणि स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून रडत. झुणका मात्र उत्तम असे, ते नाकारता येत नाही.

मग राज्याचे सचिव निळकंठराव चौबळ यांजकडे फिर्याद गेली. त्यांनी धन्यास मोबाइलवर मजकूर धाडिला, उत्तरी एक पिवळा अंगठा आला. मग सचिव स्वतः दोन सरदारांसह वर चढले. वीरश्रीने गेले आणि कांदाभजी खाऊन उतरले, आणि म्हणाले, "माणूस तसा वाईट नाही हो." अहो, काय म्हणावे यांस! आणि येताना तिघांचे हाती एकेक वाटी. त्या दिवसापासून सचिवांचेही तोंड बंद जाहले. तिकडे दिवस सरत चालले आणि द्वारकाबाईंस रावसाहेबांची वाचा हातची जाताना दिसू लागली.

पुढे एके दिवशी बाईसाहेबांनी शिरा केला, शेवंताबाईंची वाटी भरली, वर ताटली झाकली, रावसाहेबांचे खुर्चीपाशी ठेविली, आणि दूधवाला आला म्हणोन दारी गेल्या. परतोन मनात भांडण घोकीतच वाटी उचलिली आणि वर नेली. शेवंताबाईंनी हसत ताटली काढिली आणि काय सांगावे! वाटी रिकामी! पुसल्यासारखी लख्ख! शेवंताबाईंनी ऐसी किंकाळी फोडिली की भोंग्यांवरून ऐकू गेली, भुजंगरावांनी हातचे वजन खाली टाकिले आणि भोंगे बंद केले, आणि जिन्यातील सर्व दारे धडाधड उघडिली. "रिकामी वाटी! रिकामी वाटी दिली!"

आणि पहा, भोंग्यांपायी जी सभा कधी भरली नाही ती वाटीपायी घटकेत पार्किंगात भरली. हैबतरावांस घरी फार वेळ एकटे ठेवता येईना, म्हणोन खुर्चीसकट लिफ्टातून आणिले. भाडेकऱ्यास सभेत आसन नाही, म्हणोन वाघचौरे उभयता फाटकापाशी उभे राहिले. सचिव गरजले, "काकी, भांडण असेल तर तोंडानं भांडा. पण रिकामी वाटी? अहो, चांगल्या घरच्या तुम्ही! माफी मागा त्यांची." द्वारकाबाई म्हणाल्या, "देवाशपथ सांगते, मी भरली होती." कोणी ऐकिले नाही. कोणी म्हणे कलियुग, कोणी म्हणे आता गणपतीचा प्रसादही रिकामा येईल. तेव्हा त्या माउलीने, जिचा काडीचा अपराध नाही, हात जोडिले आणि ती फाटकाकडे वळली.

तो खुर्चीचे हातावर थाप पडिली. हैबतराव! मान थरथरते, शिरा तट्ट फुगलेल्या, आणि तोंडातून शब्द आला, "मी." मग आणखी एक आला, "खा-ल्ला." द्वारकाबाईंनी जोडलेले हात तैसेच पतीकडे वळविले. मग रावसाहेबांनी धड असलेला हात उचलोन भुजंगरावांकडे बोट केले आणि स्टँडावरील त्या जुन्या आवाजात, थोडका फाटलेला परंतु तोच, आरोळी दिधली, "आवाज! बंद!"

भुजंगरावांचे तोंड पांढरे फटक पडिले. म्हणाले, "यांची वाचा गेली होती? खाली आजारी माणूस आहे? मला कुणीच कसं नाही सांगितलं? काकी, तुम्ही तर रोज वर येत होता!" द्वारकाबाई रडत म्हणाल्या, "तुमची वाटी होती ना हो घरात!" तेव्हा सभेत जो तो आपले पायांकडे पाहू लागला. अवघे राज्य वर जाऊन जेवले आणि एकानेही हे एक वाक्य बोलू नये! लिहिणार हाही त्यांतलाच, अळूवडी खाऊन आलेला.

सचिवांस मात्र तरी राहवेना. खुर्चीपाशी वाकोन हळूच पुसिले, "रावसाहेब, बाकी सगळं ठीक, पण शिरा चुकून खाल्लात ना?" हैबतरावांनी त्यांजकडे पाहिले, ओठ जुळविले, पुष्कळ वेळ खपले, आणि एकही अक्षर न गाळता बोलिले, "मुद्दाम."

एवं मजकूर ऐसा की, भोंगे दुसरे दिवशीच गाडीत घालोन भुजंगरावांचे गावी रवाना जाहले. वजने राहिली, परंतु खाली गादी अंथरोन टाकितात. हैबतराव आता रोज नवा शब्द बोलतात, त्यांतले पुष्कळसे सचिवांस उद्देशून असतात. जे घडले ते लिहिले, इति.