पालकांसाठी राखीव खोली

सकाळचे ऊन त्या घरात चोरपावलांनी येई. आधी ते समोरच्या इमारतीवरील पाण्याच्या टाकीवर थबके, मग स्वयंपाकघराच्या जाळीतून गाळून घेतल्यासारखे ओट्यावर उतरे, पालथ्या घातलेल्या भांड्यांच्या बुडांवर एकेक करून बसे आणि तिथून, कोणी पाहत नाही अशी खात्री पटल्यावर, बाहेरच्या खोलीतल्या ड्रॉइंग बोर्डावर येऊन आडवे होई. त्यात धूळ तरंगे. ती कुठेच जात नसे, तरी सतत निघालेली असे. पाणीपुरवठा खात्यातला तरुण ड्राफ्ट्समन हातातला चहा गार करत रोज हे पाही आणि रोज त्याला वाटे, की हेच ऊन या घटकेला दूर समुद्रावरही पडले असेल, आणि तिथे त्याला पाय पसरायला किती ऐसपैस जागा असेल!

त्या बुधवारी उन्हाखाली एक आराखडा पडला होता. शनिवार-रविवारचा! सात वर्षे जमिनीखालचे पाइप कागदावर उतरवणाऱ्या माणसाने आखलेली सहल. तीत गळतीला वावच नव्हता. ‘शनिवार, दुपारी चार : बंदराच्या भिंतीवर बसणे. साडेचार ते सहा : काहीही न करणे. सहा : कॉलेजच्या फाटकावरून जाणे. थांबणे नाही.’ ही शेवटची ओळ त्याने दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिली होती.

कारण अठराव्या वर्षी त्या किनाऱ्यावरच्या चिमुकल्या गावातल्या कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला होता. जाणे झाले नाही. ‘घरच्यांना माझ्यावाचून करमलं नसतं,’ असे तो सांगे. अकरा वर्षे सांगून सांगून त्या वाक्याला नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीतपणा आला होता. आता निदान दोन दिवस, एका खिडकीत बसून, ते न जगलेले आयुष्य त्याला डोळे भरून पाहायचे होते. फाटक आणि समुद्र दोन्ही दिसतील अशी खिडकी गावात एकच होती : एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. त्याने फोन लावला.

“या शनिवारी?” बाई म्हणाल्या. “या शनिवारी कॉलेजात पालकसभा. खोली फक्त पालकांना देते मी. तुम्ही पालक आहात का?”

लाजाळू माणसे खोटे बोलत नाहीत, असा एक गोड गैरसमज आहे. त्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही, हे कोणी लक्षातच घेत नाही!

“हो,” तो म्हणाला.

“मुलगा की मुलगी?”

“मुलगा. पहिल्या वर्षाला.”

“आवाज फार कोवळा वाटतो हो तुमचा!”

“लग्न लवकर झालं.”

“बरं. मुलगा कसा आहे स्वभावानं?”

इथे शहाण्या माणसाने फोन ठेवला असता. पण हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता! त्याचा आवाज हळवा झाला. “बुजरा आहे. शेवटच्या बाकावर बसतो. नीट जेवत नाही. विचारलं तर ‘जेवलो’ म्हणतो. खिडकीजवळ जागा मिळाली की दिवसभर बोलायचा नाही.”

“घर सोडून कधी राहिलाय?”

“पहिल्यांदाच.”

“अरे देवा!” बाई म्हणाल्या, आणि फोनच्या त्या टोकाला चाळीस वर्षांचा शिक्षकी पेशा खडबडून जागा झाला. मुलाचे नाव विचारल्यावर त्याने स्वतःचेच सांगितले. वर घरचा नंबरही दिला.

गुरुवारी बाई जेवणाचा डबा घेऊन वसतिगृहावर गेल्या. मुलगा नव्हता. वर्गात गेल्या. तिथेही नव्हता. पण शेवटच्या बाकावरच्या कोणाचाच कोणाला पत्ता नसल्यामुळे ‘असा कोणी नाहीच’ असे म्हणायची कुणाची छाती होईना. एकजण तर म्हणाला, “आहे की तसा एक. फार बोलत नाही.” झाले! शुक्रवारी दुपारपर्यंत प्राचार्य, दोन शिपाई आणि अख्खा पहिल्या वर्षाचा वर्ग किनाऱ्यावर पांगून, समुद्राकडे तोंड करून त्याच्या नावाने हाका मारत होता.

आणि शुक्रवारी संध्याकाळी हा तरुण सहलीसाठी घेतलेली नवी टोपी घालून, स्वप्नात चालावे तसा घरी आला, तेव्हा बाबा फोनपाशी उभे होते. बाबा घड्याळे दुरुस्त करत. डोळ्याचे भिंग अजून कपाळावरच होते.

“ये,” बाबा म्हणाले. “तुझा मुलगा हरवलाय.”

“कोण?”

“अठरा वर्षांचा. जेवत नाही म्हणे नीट. लग्न लवकर झालं ना तुझं? आम्हाला बोलवायचंस तरी!”

आई बोटे मोजत होती. “म्हणजे तू तेव्हा अकरा वर्षांचा! सहावीत! अरे, सहावीत तर तुला बुटाची नाडी बांधता येत नव्हती!”

तेवढ्यात फोन पुन्हा खणखणला. आईने तो झडप घालून उचलला.

“आता होडी काढतोय,” बाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. “तुम्ही धीर सोडू नका. शेवटच्या बाकावर बसायचा, ‘जेवलो’ म्हणायचा, एवढीच खूण आहे आमच्याकडे...”

आईची बोटे थांबली. तिने एकदा मुलाकडे पाहिले, त्याच्या नव्या टोपीकडे पाहिले.

“होडी नका काढू, बाई,” ती हळूच म्हणाली. “मी त्याची आई. तो इथे आहे. तुमच्या कॉलेजात प्रवेश मिळूनही अकरा वर्षं इथेच आहे.”

पलीकडे बाईंनी लाटांवरून ओरडून होडी थांबवली. मग आवाज कडाडला. “म्हणजे हा पालक नाहीच! खोली मिळायची नाही!”

“आम्ही आहोत की पालक,” बाबा लांबूनच ओरडले. “आम्ही दोघं येतो!”

“तुम्ही खुशाल या. आधी त्याला फोन द्या.”

त्याने रिसीव्हर कानाला लावला.

“प्रवेश मिळाला होता ना? मग का नाही आलास रे?”

“घरच्यांना माझ्यावाचून...” त्याने सवयीने सुरुवात केली.

“घरच्यांना?” आई उसळली. “तुझी बॅग मी भरली! यांनी बसच्या खिडकीतून हातात घड्याळ दिलं! आम्ही कपडे बदलायला घरी पोचतो, तर हा पुढच्याच थांब्यावर उतरून, बॅग घेऊन पायरीवर! म्हणे, ‘मी नसलो तर तुमचं कसं होईल?’ अरे, आमच्या हातात सिनेमाची तिकिटं होती!”

“पहिल्या रांगेची नव्हती,” बाबा हळहळले. “चांगली होती.”

“मी ऐकतेय,” फोनमधून बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज वर्ग रिकामा झाल्यावर एकट्या उरलेल्या मुलाशी बोलावे तसा होता. “बोल.”

त्याने टोपी काढून हातात घेतली.

“मला कोणी अडवलं नव्हतं, बाई,” तो म्हणाला. “मी घाबरलो होतो.”