लमजदचा उजवा हात

स्फाक्स शहरातल्या लेकीच्या घराचं अंगण धुऊन मब्रूकाने बादली उचलली, आणि नेमका त्याच वेळी तिचा जावई लमजद दारातून आत आला. पाय सरकला, तो उजव्या हातावर आपटला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. चष्म्यांचं दुकान भाऊ सांभाळणार होता, त्यामुळे ती काळजी नव्हती. काळजी होती रविवारची.

दर रविवारी दुपारची जेवणं आटोपली की लमजद आणि त्याचे तीन मित्र आपापल्या गावी संगणकापुढे बसत आणि एकच खेळ खेळत. प्रत्येकाचं ताऱ्याताऱ्यांत पसरलेलं एकेक साम्राज्य. ग्रह शोधायचे, वसवायचे, खाणी काढायच्या, शेजाऱ्याशी तह करायचा नाहीतर लढायचं. हा एकच डाव अकरा महिने चालला होता आणि चौघांत लमजद कायम चौथा होता. आता मात्र त्याने गुपचूप चाळीस लढाऊ जहाजं जमवली होती. त्या मित्रांपैकी बिझर्त गावच्या हातेमचे तीन ग्रह या रविवारी घ्यायचेच, असं त्याने ठरवलं होतं. हात मोडल्याचं त्याने मित्रांना कळवलंच नाही. कळलं असतं तर त्यांनी डाव पुढे ढकलला असता आणि हातेम सावध झाला असता.

डाव्या हाताने माऊस धरून बघितला, तर जहाजं जागची हलली नाहीत, उलट एक चालती खाण शेजाऱ्याला भेट गेली. बायको, नाजिहा, हसू दाबत खोलीबाहेर गेली. मब्रूका मात्र खुर्ची ओढून शेजारी बसली.

"माझ्या पाण्यावरनं पडलास ना? मग तुझा हात मीच. सांग, कुठे दाबायचं ते."

आपल्या गावी, महदियात, तिने तीस वर्षं लग्नांचे स्वयंपाक केले होते. पाचशे माणसांचा कुसकुस ती एकटी उतरवायची, आणि कशासाठी ते कळल्याशिवाय पातेल्यात मीठही टाकायची नाही. लमजदने जहाजं हातेमकडे पाठवायला सांगितली. तिचं बोट माऊसवर तसंच थांबलं.

"यांच्यावर माणसं किती आहेत?"

"असेल कुठेतरी लिहिलेलं."

"आणि खाणार काय ती?"

मब्रूका इथे-तिथे दाबत राहिली आणि एक तक्ता उघडला. बारा हजार माणसं, शिधा खेळाच्या चार फेऱ्यांचा, वाट सहा फेऱ्यांची. शिधा संपला की खलाशी बंड करतात, असंही खाली लिहिलेलं होतं. अकरा महिन्यांत लमजदने तो तक्ता उघडलाच नव्हता. त्याला घाम फुटला.

मब्रूका मात्र खूश झाली. "ज्याने कोणी हे रचलंय ना, त्याने मोठ्या घराचा कारभार बघितलेला असणार," ती म्हणाली.

मग ती एकेका ग्रहावर जाऊन बघू लागली. एका ग्रहावरचे लोक कित्येक महिने संपावर होते. लमजद त्यांना आळशी समजून कर वाढवत राहिला होता. तिने खोदून पाहिलं, तर बर्फात राहणाऱ्या जातीला त्याने वाळवंटात वसवलेलं निघालं. तिने त्यांना थंड ग्रहावर हलवलं आणि पुढच्या दोन फेऱ्यांत त्यांनी दुप्पट धातू काढला. प्रत्येक गोष्टीच्या मागे दुसरी गोष्ट होती आणि तिच्याही मागे तिसरी. लमजदला हा खेळ आवडायचा तो याचसाठी, पण घरात हे कुणाला पटवून देणं त्याला कधी जमलं नव्हतं. आता सासूच त्याला पटवून देत होती.

हल्ल्याला तिने साफ नकार दिला. हातेम या घरी जेवून गेलेला मुलगा, आणि त्याच्या तिन्ही ग्रहांवर दुष्काळ पडलाय, हे तिने पाहिलं होतं. "त्याच्याकडे धान्य नाही, तुझ्याकडे धातू कमी. मग भांडताय कशाला?" तिने धान्य पाठवलं आणि धातू मागवला. हातेम आनंदाने कबूल झाला.

पण त्या खेळात लोकांनाही मन असतं. पोट कोण भरतंय, हे त्या तिन्ही ग्रहांनी ओळखलं आणि पाचव्या रविवारी मतदान करून ते लमजदच्या राज्यात सामील झाले. एकही गोळी सुटली नाही. हातेमने लिहिलं, "जेवू घालून लुटलंस रे." बाकीचे दोघे सल्ला विचारू लागले. लमजद पहिला आला होता. त्याने मब्रूकाला नम्रपणे उत्तर टाइप करायला सांगितलं, "काही नाही, जरा विचार केला." तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि टाइप केलं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि मब्रूका भाचीच्या लग्नासाठी महदियाला परतली. पुढच्या रविवारी लमजद मोठ्या आत्मविश्वासाने एकटा बसला. धातू लवकर यावा म्हणून त्याने धान्याची जहाजं खाणींकडे वळवली. दुसऱ्या फेरीत दोन ग्रहांवर उपासमार सुरू झाली. तिसरीत बर्फातले लोक पुन्हा संपावर गेले. चौथीत हातेमच्या तिन्ही ग्रहांनी माघारी जायचा अर्ज दिला.

हातेमचा निरोप आला. "लमजद, खरं सांग. आज तुझ्या जागी दुसरं कोणी बसलंय का?"

लमजदने आपल्या बऱ्या झालेल्या हाताकडे पाहिलं. मग त्याच हाताने लिहिलं, "हो, मेहुणा बसलाय. पुढच्या रविवारी मी स्वतः असेन."

आणि लग्न कधी आटोपतंय ते अदबीने विचारायला त्याने महदियाला फोन लावला.