शिडी : ठीक

कागदाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये. सव्वीस वर्षं मी एका मोठ्या ग्रंथालयाच्या कार्यालयात कारकून आहे आणि माझ्या टेबलावरून गेलेला एकही कागद आजवर परत आलेला नाही. त्यामुळे त्याच ग्रंथालयात कामाला असलेली माझी बायको शिडीवरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा घरातले सगळे रडत होते आणि मी एकटा शांत होतो.

"नुकसानभरपाईचा दावा लावू," मी म्हणालो. "कागदपत्रं माझ्यावर सोडा. वर्षाच्या आत पैसे हातात!"

"कुठल्या हातात?" बायकोनं विचारलं.

तिचं काम तळघरात पुस्तकं लावण्याचं. वरच्या फळ्यांसाठी तिथे चाकांची लोखंडी शिडी आहे. त्या दिवशी चाकाचा खटका निसटला, शिडी सरकली आणि बायको तीन जाडजूड शब्दकोशांसकट खाली आली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. मनगट वळेना. डॉक्टर म्हणाले, दीड वर्षाच्या आत दुसरं ऑपरेशन केलं तर वळेल, नंतर आशा सोडा. खर्चाचा आकडा ऐकून मी बसायला खुर्ची शोधली. दावा जिंकल्याशिवाय ऑपरेशन होणार नव्हतं, इतकं सरळ गणित होतं.

तोवर तिची वेणी घालायचं काम माझ्याकडे आलं. मी घातलेली पहिली वेणी बघून शेजारीण हळूच म्हणाली, "डोक्यालाही लागलंय का हो त्यांच्या?"

मेहुण्यानं एक वकील सुचवले. त्यांचं ऑफिस टायरच्या दुकानावर, जिन्याला कठडा नाही. वर गेल्यावर आम्हाला बसायला दिलेल्या खुर्च्यांपैकी माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड निघाला.

"जपून," वकील म्हणाले. "मागच्या आठवड्यात एक अशील पडला त्या खुर्चीवरून."

"मग?"

"मग काय, माझ्यावर दावा लावतो म्हणाला. मी म्हटलं, लाव बाबा, पण वकील दुसरा बघ."

माणूस हुशार होता. त्यांनी पाच मिनिटांत सगळं समजावून सांगितलं. ग्रंथालयाचं म्हणणं असं, की शिडी एक तारखेला तपासली तेव्हा चांगली होती, बाई नऊ तारखेला पडल्या, मधे कुणाची तक्रार नाही, म्हणजे चूक बाईंची. आपल्याला एवढंच दाखवायचं होतं, की शिडी खराब आहे हे कार्यालयाला माहीत होतं.

"तपासली? खोटं बोलतात!" मी टेबलावर हात आपटला. खुर्ची डुलली. "ज्या गाढवानं न बघता सही ठोकली असेल ना, त्याला पिंजऱ्यात उभा करा. सोडू नका त्याला."

"तेच करायचंय," म्हणत वकिलांनी एक झेरॉक्स पुढे सरकवली. मासिक तपासणी पत्रक होतं. पंखे : ठीक. खुर्च्या : ठीक. शिडी : ठीक. खाली शाईत बुडालेलं झुरळ चालत गेल्यासारखी सही होती. ती माझी होती.

आमच्याकडे पद्धतच अशी आहे. आम्ही कारकून चौघं, पत्रक ज्याच्या टेबलावर येईल त्यानं सही करून पुढे पाठवायचं. शिडी बघायची तर बत्तीस पायऱ्या उतरून तळघरात जावं लागतं, आणि मी ती शिडी जन्मात पाहिली नव्हती.

"ओळखता का ही सही?" वकिलांनी विचारलं.

"वाचता येत नाहीये," मी म्हणालो. ते खरंच होतं.

बायकोनं झेरॉक्सकडे पाहिलं. मुलीच्या दहा वर्षांच्या प्रगतिपुस्तकांवर तीच सही आहे. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सही राहू द्या," वकील म्हणाले. "बाई, चाकाबद्दल तुम्ही लेखी तक्रार केली होती का? एक चिठ्ठी असली तरी आपण जिंकलो."

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पडायच्या पंधरा दिवस आधी ती जेवताना म्हणाली होती, "अहो, त्या शिडीचा खटका निसटतोय. कुणाला सांगू?" मी म्हणालो होतो, "ऑफिसचं घरी नको. आणि तोंडी चालत नाही, लेखी दे." दुसऱ्या दिवशी तिनं खरंच लेखी अर्ज आणला. इतरांसारखी रांगेत उभी राहून तिनं तो माझ्या टेबलावर ठेवला. मी त्यावर तारखेचा शिक्का मारला, खणात टाकला आणि आठवड्याभरानं 'शिडी : ठीक' म्हणून सही केली. अर्ज अजून खणातच होता.

"आठवत नाही," बायको वकिलांना म्हणाली.

जिना उतरताना मी तिला धरलं होतं. अर्ज बाहेर काढला तर तिचं ऑपरेशन होणार आणि माझी नोकरी जाणार, हे मला कळत होतं. मी मनाशी ठरवलं, उद्या काढू.

उद्या दुसरंच निघालं. वकिलांच्या मागणीवरून कोर्टानं चौघा कारकुनांच्या सह्यांचे नमुने मागवले. मी घाबरून शाळेच्या कित्त्यातल्यासारखी अक्षर अन् अक्षर सुटं काढून नवीन सही केली. मग तीच चालू ठेवणं आलं. हजेरीपटावर ती केली तर साहेबांनी बोलावून विचारलं, "तुमच्या जागी कोण सही करतंय?" बँकेत केली तर तिथल्या बाई म्हणाल्या, "ही सही तुमची नाही."

"माझीच आहे हो."

"मग ही जुनी कुणाची?"

मी घाम पुसून घरी आलो. नशीब असं, की त्याच महिन्यात आमच्यातला चौथा कारकून हार्ट अटॅकनं गेला आणि पत्रकावरची सही सर्वानुमते त्याची ठरली. शोकसभेत 'कामात अत्यंत काटेकोर' असं त्याचं वर्णन मीच केलं. त्याची बायको पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे कृतज्ञतेनं बघत होती. मला माझी लाज वाटली, तरी मी भाषण पूर्ण केलं.

आता मेलेल्या माणसाची साक्ष काढता येईना. उरला तो अर्ज. मी तो खणातून खिशात आणला आणि पुढचं वर्षभर रोज नेला, रोज परत आणला. रोज सकाळी तिच्या मागे उभा राहून वेणी घालताना वाटायचं, आज देऊ. वेणी मात्र सुधारत गेली.

सुनावणीच्या दिवशी मी चौथ्या बाकावर होतो. बायको पिंजऱ्यात उभी होती, उजवा हात डाव्या हातात धरून. ग्रंथालयाच्या वकिलानं विचारलं, "शिडी खराब असल्याचं तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. खरं तर पाहायला हवं होतं.

"नाही," ती म्हणाली. "कुणाला नाही."

मी उठलो. देवाशप्पथ उठलो. हात खिशात घातला, अर्ज बोटांना लागला. "साहेब," मी म्हणालो. आवाज निघाला.

दाराशी उभा असलेला कोर्टाचा शिपाई म्हणाला, "ओ, खाली बसा. मधे बोलायचं नाही."

मी बसलो. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

दावा फेटाळला गेला. डॉक्टरांनी दिलेली मुदतही पुढच्याच महिन्यात संपली. मनगट आता वळणार नाही. वकिलांनी ऑफिसात बोलावून आमची समजूत काढली, "कागदच नव्हता हो आपल्याकडे, नाहीतर जिंकलोच असतो." त्या खुर्चीवरून मी निघताना खरंच पडलो आणि मला बरं वाटलं.

वेणी आता मी उत्तम घालतो. शेजारणीनं परवा विचारलं, शिकवाल का म्हणून. काल सकाळी शेवटचा पेड घालताना मी कसाबसा म्हणालो, "तुला एक सांगायचं होतं."

बायकोनं डाव्या हातानं मला रबर दिलं.

"तोंडी चालत नाही," ती म्हणाली. "लेखी द्या."

म्हणून हे लिहिलं. मूळ प्रत तिला, नक्कल साहेबांना आणि तुम्हाला. तिचा अर्ज सोबत जोडला आहे. सही करण्याआधी मी सगळं एकदा वाचून पाहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.